बोजोले : अख्ख्या घडाची वाइन

ताम्हन

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की रेड वाइन घेतली की तोंडात कच्ची सुपारी चघळल्यासारखं होतं, अशा माणसाने सुरुवात कुठून करावी? मी "बोजोले" असं एका शब्दात उत्तर दिलं आणि लगेच खाली "ते केळ्याचं सरबत होय!" असा टोला आला. तिथे भांडत बसले नाही, पण मनात राहिलं. म्हणून हा धागा.

मी फ्रान्समधल्या ल्योंमध्ये राहते. शहराच्या उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर बोजोलेचा डोंगराळ पट्टा सुरू होतो आणि माकों शहराच्या आसपास संपतो. ल्योंकर म्हणतात, आमच्या गावात तीन नद्या वाहतात: रोन, सोन आणि बोजोले. इथल्या जुन्या खानावळींना बूशों म्हणतात. तिथे ही वाइन अजूनही जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत येते, तिचं नाव 'पो'. लेबल नाही, बूच नाही, पेल्यात नाक खुपसून डोळे मिटणारं कुणी नाही. आपण जेवताना ताक पितो तशी पितात.

द्राक्ष एकच, गामे. साल काळी, आतला रस बिनरंगी. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने ही जात आपल्या मुलखातून उपटून टाकायचा हुकूम काढला. हुकमात तिला 'अत्यंत वाईट आणि बेइमान' म्हटलंय. तिचा गुन्हा काय, तर उतारा भरपूर द्यायची. शेतकरी खूश, पण ड्यूकला हवी होती पिनो नोआर या जातीची नाजूक, बेताने येणारी वाइन. गंमत पुढे आहे. सहाशे वर्षांनी, १९९९ मध्ये, डीएनए तपासणीत निघालं की गामे ही त्या पिनोचीच लेक! दुसरा पालक ग्वे ब्लां नावाची गावठी पांढरी जात. शार्दोने ही नावाजलेली पांढरी जातसुद्धा याच जोडप्याची. म्हणजे एक बहीण राजवाड्यात, दुसरी हद्दपार. ही हद्दपार झालेली खाली बोजोलेच्या ग्रॅनाइटवर रुजली आणि तिथे तिचं भलं झालं.

गेल्या सप्टेंबरात अण्णा आले होते, माझे वडील. दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर बाग आहे, थॉमसनची, खायच्या द्राक्षांची. गोडी छाटणीच्या आधी बागेला जरा उसंत असते, तेवढ्यात त्यांना विमानात बसवलं. फ्लरी गावाजवळ एका छोट्या शेतकऱ्याकडे आम्ही काही जण दरवर्षी तोडणीला जातो, तिथे त्यांनाही नेलं. गाडीतून उतरले, चढावर नजर टाकली आणि म्हणाले, "बाग कुठंय?"

समोरच होती. गुडघ्याएवढी झुडपं, ना मांडव ना तार, एकेक वेल आपल्या बुंध्यावर पेल्यासारखी उघडलेली. त्या छाटणीचं नावच पेला, 'गोबले'. हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली. आमच्याकडे मांडवाखाली मान वर करून काम, इथे दिवसभर ओणवं. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. अण्णा एका बुंध्याशी बसून माती उकरत होते. "हा तर नुसता मुरूम आहे." मुरूमच तो, झिजलेला गुलाबी ग्रॅनाइट. मग पुढचा प्रश्न, "खुंट कुठला?" शेतकऱ्याने त्यांना कलमाची गाठ दाखवली. आपल्याकडे पाणी कमी आणि जमीन खारवट म्हणून डॉगरीजच्या खुंटावर कलम करतात. इथे एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन बागाच्या बागा संपवल्या, तेव्हा अमेरिकन खुंट हाच तोडगा निघाला. त्याचा आग्रह धरणाऱ्यांपैकी व्हिक्टोर प्युलिया हे शेजारच्या शिरूब्ल गावचे. गावात त्यांचा पुतळा आहे. "कलमं करायला लावली म्हणून पुतळा?" अण्णांना हे फारच पटलं.

तोडणीत दटावणी एकच: मणी फुटता कामा नये, देठासकट अख्खा घड टोपलीत. अण्णांना ते सांगावं लागलं नाही. निर्यातीचा माल हाताळणारा माणूस घड देठालाच धरतो. पण बोजोलेची सगळी मेख इथेच आहे. इतर बहुतेक रेड वाइनसाठी देठ काढतात, मणी फोडतात आणि सालीसकट रस आंबवतात. इथे अख्खे घड तसेच टाकीत ओततात. तळाचे घड वरच्यांच्या वजनाने चेंगरतात, रस सुटतो, तो यीस्टमुळे आंबायला लागतो. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, साचत साचत वर चढतो आणि हवेला टाकीबाहेर काढतो.

आता वरचे मणी त्या वायूत कोंडले गेले. आणि कोंडलेला मणी स्वतःच्याच पोटात आंबायला लागतो! यात यीस्टचा हात नाही. मण्याच्या पेशींतली विकरंच साखरेची दारू करायला घेतात. दोनेक टक्क्यांपर्यंत मजल जाते, मग पेशी मरतात. पण तेवढ्यात बरंच होऊन जातं. कच्च्या द्राक्षाला आंबट करणारं मॅलिक आम्ल निम्म्यापर्यंत उतरतं. सालीतला रंग गरात झिरपतो. चेरी, स्ट्रॉबेरी, थोडा बदामाच्या सालीसारखा, असे नवे वास तयार होतात. बिया मात्र गरात सुरक्षित, त्यामुळे त्यांचा तुरटपणा फारसा उतरत नाही. ज्याला सुपारीची तक्रार होती त्याचं उत्तर या कोंडलेल्या मण्यात आहे.

चौथ्या दिवशी परत गेलो. शेतकरी टाकीला शिडी लावून चढला आणि दोरीला बांधलेली मेणबत्ती आत सोडली. हातभर खाली गेली आणि कुणी फुंकर मारावी तशी विझली. अण्णा म्हणाले, "पेवात कंदील सोडायचे, तसंच की हे." त्यांच्या आजोळी धान्याचं पेव होतं. उतरण्याआधी कंदील सोडायचा, विझला तर तोंड उघडं ठेवून थांबायचं. शेतकऱ्याला मी हे फ्रेंचमध्ये सांगितलं तर तो शिडीवरूनच हसला.

मग त्याने लांब चिमट्याने वरचा एक घड काढून आमच्या हातावर ठेवला. तोडताना याच द्राक्षाचा गर काचेसारखा होता. आता मणी दाताने फोडला तर आत थेट गुलाबी, आणि जिभेवर सोडावॉटरसारखी चुणचुण. अण्णांनी दोन खाल्ले, तिसरा बोटांत फिरवत बसले.

दहाएक दिवसांनी टाकीच्या तळाचा रस आधी काढून घेतात आणि उरलेले घड दाबयंत्रात घालतात. एरवी दाबून काढलेली वाइन कडक आणि तुरट निघते. इथे उलटं. अख्ख्या मण्यांत अजून साखर शिल्लक असते, म्हणून दाबल्यावर येतो तो रस गोड, गढूळ, गुलाबी, वासाने भरलेला. बोजोलेत त्याला 'पारादी' म्हणतात. पारादी म्हणजे स्वर्ग. यंत्राच्या तोंडाशी पेला धरून प्यायले मी. अण्णांनी फक्त वास घेतला, पेला परत दिला आणि रसातल्या साखरेचं माप विचारलं, "ब्रिक्स किती?"

पुढे दोन्ही रस एकत्र करतात, यीस्ट उरलेली साखर संपवतं, आणि मग जिवाणू उरलेल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात. लॅक्टिक म्हणजे आपलं दह्यातलं. वर ताकाची उपमा दिली ती काही अगदीच उगाच नव्हती.

चहाटळ

वाइनच्या धाग्यात पेव! वाचनखूण साठवली. अण्णांचा वेगळा धागा काढा, वाइन राहू द्या.

खवट_खोबरं

केळ्याचं सरबत म्हणणारा तो मीच. 😀 दहा वर्षांपूर्वी टोकियोत असताना ऑफिसच्या लोकांनी नोव्हेंबरात मध्यरात्री नेऊन पाजलं होतं. चारी बाजूंना पताका, काउंटडाउन, आणि पेल्यात केळं. वर फुग्याच्या च्युइंगमचा वास. तुमचा मुरूम आणि मेणबत्ती वाचायला छान वाटली, पण मी प्यायलो ते केळंच होतं. हलके घ्या.

ताम्हन

हलकंच घेतलं, वाइनही हलकीच आहे.

तुम्ही प्यायलात ती बोजोले नूव्हो, म्हणजे नवी बोजोले. तोडणीनंतर अडीच महिन्यांच्या आत बाटलीत. टाकीत चार-पाच दिवस, मग घाईघाईने दाबून, गाळून रवाना. पूर्वी ल्योंच्या खानावळी तोडणीनंतर नवी वाइन पिंपातूनच आणायच्या, ही त्यातूनच आलेली रीत. १३ नोव्हेंबर १९५१ ला सरकारी परिपत्रक निघालं आणि इतरांच्या आधी ती विकायची मुभा मिळाली. १९६७ पासून १५ नोव्हेंबर ही तारीख ठरली, आणि १९८५ पासून नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. जॉर्ज द्युबफ या व्यापाऱ्याने त्याचा जगभर सण करून टाकला. टोकियो पॅरिसच्या आठ तास पुढे, त्यामुळे तिथे बुचं आधी उघडतात. पताका त्यासाठीच.

माझं म्हणणं एवढंच, की हुरडा खाऊन ज्वारीच्या भाकरीबद्दल मत देऊ नये. हुरडा वाईट नसतो, पण ती भाकरी नव्हे.

एस्टरवाला

केळ्याबद्दल थोडं. त्या वासाचं नाव आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. बी.एस्सी.ला एस्टर करायच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी हे केलंय त्यांना ती प्रयोगशाळा आठवेल, दोन दिवस डब्यातल्या पोळीलाही केळ्याचा वास यायचा. वाइनमध्ये हा पदार्थ मुख्यतः यीस्ट बनवतं, आणि ७१बी नावाचं विकतचं यीस्ट त्यात पटाईत. नूव्होच्या भरभराटीच्या काळात ते खूप वापरलं गेलं. म्हणजे खवटभाऊंच्या पेल्यातल्या केळ्याचा मोठा वाटा पाकिटातल्या यीस्टचा होता, बिचाऱ्या गामेच्या माथी उगाच मारलं.

ताम्हनताई, एक पुरवणी. तुम्ही सांगितली ती अर्धी पद्धत, कारण वायू टाकीत आपोआप तयार होतो. बंद टाकीत बाहेरून वायू भरून सगळेच मणी अख्खे ठेवणं ही पूर्ण पद्धत. तिचा अभ्यास १९३४ पासून मिशेल फ्लांझी यांनी नारबोनला केला. ते द्राक्षं टिकवायला गेले होते. वायूत ठेवलेली द्राक्षं टिकण्याऐवजी चुणचुणायला लागली, आणि त्यातून हे निघालं.

शेवगा

+१. अर्धी-पूर्ण हा फरक माहीत नव्हता.

प्रश्न: दुकानात बाटली कशी ओळखायची? इथे पुण्यात सीमाशुल्क धरून किंमत अशी असते की एकदाच चूक परवडते.

ताम्हन

शेवगा, ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर चूक होणार नाही. पायऱ्या तीन: नुसती बोजोले, मग बोजोले-व्हिलाज, आणि वर दहा गावं किंवा टेकड्या, ज्यांना क्रू म्हणतात. क्रूच्या बाटलीवर बहुतेक वेळा बोजोले हा शब्द ठळकपणे नसतोच, फक्त त्या जागेचं नाव असतं. सँ-तामूर, झ्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुयी, कोत द ब्रुयी. रेन्ये सगळ्यात धाकटं, १९८८ मध्ये पंगतीत आलं. क्रूची नूव्हो करायला परवानगी नाही, म्हणजे यातलं एखादं नाव दिसलं की केळ्याची भीती गेली.

यातली फ्लरी आणि शिरूब्ल हलकी, फुलांच्या वासाची. मॉर्गों आणि मुलँ-आ-व्हाँ भरदार. पहिल्याच खेपेला मी फ्लरी देईन, आणि हो, तिथे माझी कंबर गेलेली असल्याने मी तटस्थ नाही.

द्राक्षकन्या_नव्हे

शाकाहारी लोकांसाठी विचारते. वाइन स्वच्छ करायला अंड्यातलं पांढरं, माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वगैरे वापरतात असं ऐकलंय. यात?

ताम्हन

चांगला प्रश्न. वापरू शकतात. जिलेटिन, दुधातलं केसीन हेही, शिवाय बेंटोनाइट ही साधी मातीसुद्धा. ते सगळं गाळासोबत खाली बसतं आणि काढून टाकतात, पण ज्याला नको त्याला नकोच. अंडं किंवा दूध वापरून त्याचा अंश उरला असेल तर युरोपात लेबलवर लिहावं लागतं. माशाचं तसं कळत नाही. व्हेगन असा शिक्का असेल तर प्रश्न मिटला. नाहीतर असलं काही न घालता भरलेली बाटली शोधा. बोजोलेत तशा पुष्कळ, आणि त्यामागे एक माणूस आहे.

झ्युल शोव्हे, १९०७ ते १९८९. बोजोलेचाच वाइन व्यापारी आणि पक्का रसायनशास्त्रज्ञ. बाहेरून यीस्ट घालू नका, वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधक शक्य तितकं टाळा, पण त्यासाठी आधी द्राक्ष निरोगी आणि भांडी लख्ख हवीत, असं त्यांचं सांगणं. आपली लोणची घालणारी आजी वेगळं काय सांगते? मॉर्गोंचे मार्सेल लापिएर आणि त्यांच्या जोडीचे झाँ फोयार, गी ब्रतों, झाँ-पोल तेव्हने यांनी १९८० च्या दशकात ते अंगावर घेतलं. बाजारात नूव्होचा पूर आलेला असताना ही मंडळी गंधकाविना बाटल्या भरत होती. आज जगभर नॅचरल वाइन म्हणून जे चाललंय, त्याची एक मुळी इथे आहे.

मांडवाखालचा

मी नाशिकचा, वाइनच्या द्राक्षांचं काम करतो. दोन गोष्टी. पहिली, बाकीच्या वाइनला उष्णतेची धास्ती असते. पण मणी आतून आंबायची ही भानगड तिशीच्या वर अंशांत चांगली चालते, म्हणजे आमच्याकडे फुकटात. दुसरी, देठ. अख्खा घड टाकायचा तर देठ पिकून तपकिरी झालेला हवा. हिरवा राहिला तर वाइनला गवताचा वास मारतो. आमच्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, साखर भरते पण देठ पुष्कळदा हिरवाच. मी एकदा शिराझचे दोनशे किलो घड असे कोंडून पाहिले होते. वास झकास, चव मात्र घासाच्या पेंढीची. पुढच्या वर्षी देठ बघून तोडले तेव्हा जमलं.

आणि अण्णांना नमस्कार सांगा. खुंट विचारणारा माणूस म्हणजे आपला माणूस.

उंडग्या

चिनी मातीच्या बरणीत अख्खे घड घालून दादऱ्याने घट्ट बांधून ठेवले तर? सोप्पंय की.

एस्टरवाला

घट्ट बांधायचं अजिबात नाही. वायूला वाट मिळाली नाही तर बरणीचे तुकडे होतात, आणि बंद खोलीत वायू साचला तर पेवातली गत होते. शिवाय परवान्याविना घरी दारू गाळणं-आंबवणं याला महाराष्ट्रात काय म्हणतात ते पोलीस सांगतील. मनुका खा.

खवट_खोबरं

मान्य, हुरडा आणि भाकरी पटलं. पण हलकी वाइन टिकत नाही, हे तरी खरं ना? दोन वर्षांत संपते म्हणे.

ताम्हन

नूव्हो, हो. ती होळीच्या आत संपवा. पण मॉर्गोंच्या जुन्या बाटलीसाठी फ्रेंचमध्ये स्वतंत्र क्रियापद आहे, 'मॉर्गोने'. म्हणजे वाइन मुरून मॉर्गोंसारखी होणं. आणि म्हातारी मुलँ-आ-व्हाँ 'पिनोते' करते म्हणतात, म्हणजे पिनोसारखी लागायला लागते. सहाशे वर्षांपूर्वी जिला बेइमान म्हणून घराबाहेर काढलं, ती उतारवयात बापाच्या वळणावर जाते. तुमच्या त्या टोकियोवाल्या मित्रांना एकदा दहा वर्षं जुनी पाजा, बिनपताकांची.

रानजाई

खायला काय? आमच्याकडे वाइन म्हटलं की चीजचे चौकोनी तुकडे येतात, आणि मला ते चीज सोसत नाही.

ताम्हन

चीज राहू दे. तुरट वाइन आणि तिखट यांचं जमत नाही, तुरटपणामुळे तिखट आणखी झोंबतं. हिच्यात ती अडचण कमी. ल्योंला हिच्यासोबत सॉसेज आणि उकडलेले बटाटे खातात. मी कोथिंबीर वडी, तव्यावरचं सुकं चिकन, भरली वांगी या सगळ्यांसोबत घेतलीय. भरली वांगी सर्वांत छान. फक्त गार करा. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानात ही नुसती औषधासारखी लागते. फ्रीजमध्ये ठेवून १२-१४ अंशांवर आणा. मिसळीसोबत मात्र ताकच, तिथे मी माझ्या पक्षाविरुद्ध मत देते.

शेवगा

फ्लरी मिळाली. दुकानदार म्हणाला, साहेब ही फ्रिजमध्ये ठेवू नका, रेड आहे. ठेवली. वांगी बायकोने केली, मसाल्याला थोडा जास्तच गूळ पडला होता, तरी चाललं. तिला रेड आवडत नाही, तिने दोन पेले घेतले. सुपारी नाही. आभार.

चहाटळ

सगळं वाचलं. एक शंका राहिली. अण्णा दारू पीत नाहीत असं दिसतंय. पण चौथ्या दिवशीचे ते दोन मणी त्यांनी खाल्ले, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे मण्याच्या पोटात दारू तयार झालेली असते. त्यांना सांगितलंत का?

ताम्हन

त्याच संध्याकाळी सांगितलं. टक्केवारीसकट.

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मण्यात होती ना? पेल्यात नव्हती ना? मग झालं." आणि तो बोटांत फिरवत बसलेला तिसरा मणी खिशातल्या रुमालातून काढून तोंडात टाकला.